फाट्यावरचे झेंडे आणि मतपेटीतला देव

शीळफाट्यावर चार रस्ते एकत्र येतात. एक मुंब्र्याकडून, एक कल्याण-डोंबिवलीकडून, एक पनवेलकडून आणि एक महापेकडून. निवडणूक लागली की या चौकात झेंड्यांची दाटी होते. भगवे, हिरवे, निळे, सगळेच. रिक्षावर भोंगा लावून प्रचार चालतो. एका भोंग्यातून आरतीच्या चालीवर उमेदवाराचे नाव येते, दुसऱ्यातून कव्वालीच्या चालीवर, आणि तिसऱ्यातून आपल्या भीमगीताच्या चालीवर. खाली बसची वाट बघणारा माणूस तिन्ही ऐकतो. बस काही येत नाही.

याच शीळ-डायघर भागात ४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७० हून अधिक माणसे गेली, त्यात लहान मुले होती. काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवले गेले होते आणि खालच्या मजल्यांवर लोक राहायलाही आले होते. बिल्डर, पालिकेचे अधिकारी, पोलीस यांना अटक झाली. देशभर बातमी झाली. त्यानंतर या भागाने २०१४, २०१९ आणि २०२४ अशा लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका पाहिल्या. मी त्यातल्या बऱ्याच सभांना गेलो, कधी ऐकायला, कधी आपल्या उमेदवाराच्या खुर्च्या लावायला. मंदिरावर ऐकले, मशिदीवर ऐकले, भोंग्यांवर ऐकले, "बटेंगे तो कटेंगे" ऐकले, "व्होट जिहाद" ऐकले. त्या इमारतीत मेलेल्या माणसांवर एकाही मोठ्या सभेत सलग पाच मिनिटे ऐकल्याचे मला आठवत नाही.

हा लेख त्या पाच मिनिटांबद्दल आहे. प्रचारात धर्म येतो तेव्हा तो जागा कोणाची घेतो, हा माझा प्रश्न आहे. आणि तो फक्त भगव्या झेंड्याला विचारून मी थांबणार नाही. निळ्या झेंड्यालाही विचारणार आहे.

उत्सवाचा मंडप, राजकारणाचा मंच

महाराष्ट्रात ही गोष्ट १९९० साली सुरू झाली असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्याच सुमारास पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि १८९४ पासून लोकमान्य टिळकांनी त्याला राजकीय बळ दिले. त्याआधी मोहरमच्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. आता त्यांना वेगळा उत्सव मिळाला, वेगळे मेळे मिळाले, आणि काही मेळ्यांच्या पदांतून मोहरमपासून दूर राहा असा संदेशही मिळाला. इंग्रज सरकार राजकीय सभांवर नजर ठेवत होते, धार्मिक उत्सवात हात घालायला कचरत होते. ही सोय टिळकांनी ओळखली होती. साम्राज्याविरुद्ध लोक गोळा करायला ती उपयोगी पडली हे मान्य करू. पण गोळा झालेले लोक कोण आणि बाहेर राहिलेले कोण, हाही इतिहासच आहे.

शिवाजी महाराजांचेच घ्या. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा लिहिला, तो शेतकऱ्यांच्या राजाचा. पुढे १८९६ साली रायगडावर टिळकांच्या पुढाकाराने शिवजयंतीचा उत्सव झाला, तिथे गोब्राह्मणप्रतिपालक राजा पुढे आला. राजा एकच होता. मंच कोणाच्या हातात गेला त्याप्रमाणे त्याची ओळख बदलली. पुढे ७ मे १९७० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली. तिची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आजच्या कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावा. मिरवणुकीचा मार्ग, गुलाल आणि घोषणा यांचा राजकीय हत्यार म्हणून वापर कसा होतो, ते त्यात तपशिलाने दिसते.

मंडपात कोणाला जागा आहे, हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात प्रबोधनकार ठाकरे आणि रावबहादूर सी. के. बोले यांच्यासारखे ब्राह्मणेतर पुढारी उभे राहिले आणि म्हणाले, वर्गणी सगळ्यांची, उत्सव सार्वजनिक, मग अस्पृश्याला पूजेचा हक्क का नाही? मोठा वाद झाला. ज्या उत्सवाला सगळा हिंदू समाज एक झाल्याचे चित्र म्हणून दाखवले जात होते, त्याच्या मूर्तीपर्यंत अस्पृश्याचा हात पोहोचत नव्हता. ही गोष्ट विसरू नका. "सगळे हिंदू एक" ही घोषणा तुम्हाला प्रचारात बोलावते तेव्हा ती मतदानाच्या रांगेत बोलावते. गाभाऱ्याच्या रांगेचे ती बोलत नाही.

बाबासाहेबांनी काय केले?

आपल्यातले काही जण म्हणतात, बाबासाहेबांनीही धर्माचा वापर राजकारणासाठी केलाच की. मंदिर सत्याग्रह केला, धर्मांतर केले. हा आक्षेप आपल्या तरुणांना तोंड द्यावा लागणारा आहे, म्हणून तो तारखांनिशी तपासू.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो देवदर्शनासाठी होता का? मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून स्पष्ट केले की मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा लढा केला नव्हता, आपल्या लोकांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावे म्हणून केला होता. ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवा, असा त्या पत्राचा रोख आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. आता पुढचे पाऊल बघा. लगेच पुढच्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी पक्ष काढला. धर्मांतराची घोषणा ताजी होती, समाज पेटलेला होता. कोणताही चलाख पुढारी त्या आगीवर पोळी भाजून घेता. बाबासाहेबांनी पक्षाचे नाव ठेवले स्वतंत्र मजूर पक्ष. कार्यक्रम होता खोती नष्ट करण्याचा, महार वतन रद्द करण्याचा, गिरणी कामगाराच्या हक्काचा. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने १७ जागा लढवल्या आणि १४ जिंकल्या. त्यात सर्वसाधारण जागाही होत्या. धर्म सोडण्याची घोषणा केलेल्या माणसाने मते मागितली ती जमिनीवर आणि मजुरीवर.

दुसरा प्रसंग १९५१ चा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी लोकप्रतिनिधित्वाचा कायदा झाला. कायदामंत्री म्हणून ते विधेयक संसदेत पुढे नेणारे बाबासाहेब होते. जात, वंश, समाज किंवा धर्म यांच्या आधारावर पद्धतशीर मते मागणे, धार्मिक चिन्हांचा वापर करणे, हा त्या कायद्यात निवडणुकीतला भ्रष्ट व्यवहार ठरला. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जाहीरनामा आला. त्यात हिंदू महासभा किंवा संघासारख्या प्रतिगामी संघटनांशी युती करणार नाही असे साफ लिहिले होते. कम्युनिस्ट पक्षाशीही नाही, हेही त्याच जाहीरनाम्यात होते. १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून त्यांचा पराभव झाला. हरले, पण कोणाच्या देवाची शपथ घालून मत मागितले नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि आपल्यात त्याची सर्वांत कमी चर्चा होते. १९५५ साली बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. त्याच काळात त्यांच्या मनात नव्या पक्षाची आखणी चालू होती. पक्षाचे नाव बौद्ध पक्ष ठेवता आले असते. लाखो माणसे नुकतीच दीक्षा घेऊन उभी होती, याहून तयार मतपेढी कुठे मिळणार? त्यांनी नाव निवडले रिपब्लिकन. पाया ठेवला संविधानाच्या प्रास्ताविकेतला, स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि न्याय यांचा. फेडरेशनपुरते मर्यादित न राहता इतर समाजांनाही आत घेता यावे, हा त्यामागचा विचार होता. महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी तो पक्ष प्रत्यक्षात आला. म्हणजे दोन संस्था, दोन कामे. धम्माचे काम महासभेने करायचे, सत्तेचे काम पक्षाने करायचे. पक्षाच्या दारावर कोणालाही धर्म विचारला जाणार नव्हता.

असे का? याचे उत्तर २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्यांच्या संविधान सभेतल्या भाषणात आहे. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास रस्ता, असे त्यांनी तिथे बजावले. व्यक्तिपूजेबद्दल ते बोलत होते, पण मुद्दा प्रचारातल्या धर्मालाही तेवढाच लागू आहे. भक्त देवाला हिशेब विचारत नाही. नवस फेडतो आणि पाया पडतो. मतदाराचे काम नेमके उलटे आहे. त्याने पाया पडायचे नाही, हिशेब विचारायचा. प्रचारात धर्म आणणाऱ्याला मतदाराचा भक्त करायचा असतो.

ठाणे जिल्ह्यातला प्रयोग

आता आपल्या परिसरात येऊ. कल्याण-शीळ रस्त्यावरून स्वच्छ हवेत मलंगगडाचे सुळके दिसतात. तिथे हाजी मलंगचा दर्गा आहे. हिंदूंचा एक वर्ग त्याला नाथ संप्रदायाच्या मच्छिंद्रनाथांची समाधी मानतो. जुन्या गॅझेटियरमध्ये या गडाची हकीकत आहे. १७८० च्या सुमारास पेशव्यांकडून इथे नजराणा आला आणि काशिनाथपंत केतकर या ब्राह्मणाने दर्ग्याची दुरुस्ती केली. १८१७ साली व्यवस्थापनावरून वाद झाला तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. तीनही वेळा कौल काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीच्या बाजूने लागला. दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर घराण्याकडे राहिली. ब्राह्मण वहिवाटदार, मुस्लिम मुजावर, आणि डोंगर चढणाऱ्यांत आगरी, कोळी, दलित, मुसलमान सगळे. आमच्या घरातल्या बायकाही नवसाला जात. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांनंतर आम्ही नवस सोडले, ही वेगळी गोष्ट. पण त्या डोंगरावर भांडण नव्हते.

१९८० च्या दशकात शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी मलंगगडाच्या मुक्तीचे आंदोलन उभे केले. माघ पौर्णिमेच्या यात्रेला राजकीय रूप आले. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर देवीचे मंदिर आणि नमाजाची जागा शेजारी आहेत. बकरी ईदच्या दिवशी मंदिरात जाण्यास बंदी असते म्हणून तिथे घंटानाद आंदोलन सुरू झाले. ठाण्यात टेंभी नाक्याची नवरात्र आणि दहीहंडी मोठी झाली. दिघे यांना 'धर्मवीर' म्हटले जाऊ लागले.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोक दिघे यांच्याकडे फक्त धर्मासाठी जात नव्हते. त्यांच्या दरबारात रोज रांग लागे. कोणाला शाळेत प्रवेश हवा, कोणाचा सासरी छळ, कोणाला दवाखान्याचे बिल परवडत नाही. आपल्या वस्त्यांतलेही लोक तिथे गेले आणि त्यांची कामे झाली. सरकारी कचेरीत जे हक्काने मिळायला हवे होते ते तिथे मेहेरबानीने मिळाले. या राजकारणाची खरी ताकद इथे आहे. हक्काचे रूपांतर मेहेरबानीत झाले, मेहेरबानीचे श्रद्धेत, आणि श्रद्धेचे मतात. २००१ साली दिघे गेले. २०२२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीला दोन महिने असताना, त्याचा दुसरा भाग आला. त्याच वर्षी जानेवारीत तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडच्या कार्यक्रमात पुन्हा मुक्तीची भाषा केली. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती.

डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि तिथून ती राज्यभर पसरली. त्यात शाळकरी मुले असतात, ढोलपथके असतात, पर्यावरणाचे चित्ररथही असतात. तो उत्सव आहे, आणि उत्सव साजरा करणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण त्या यात्रेत कोणते नेते पहिल्या रांगेत चालतात आणि निवडणुकीच्या वर्षी ती रांग किती लांब होते, हे डोंबिवलीकरांना विचारा.

कोर्टाने रेघ ओढली का?

कायदा १९५१ चा, मग तो आडवा का आला नाही? त्याचे उत्तरही ठाण्यातून जाते.

१९६१ साली कायद्याच्या कलम १२३(३) मध्ये बदल झाला. "पद्धतशीर" हा शब्द गेला आणि "त्याचा धर्म" असा शब्दप्रयोग आला. हे "त्याचा" म्हणजे कोणाचा, उमेदवाराचा की मतदाराचा, यावर पुढे अनेक दशके वकील भांडले. १९७२ साली मुंबईच्या कुंभारवाड्यातून निवडून आलेले मुस्लिम लीगचे झियाउद्दीन बुखारी यांची निवडणूक धर्माच्या आवाहनामुळे रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ती रद्दच ठेवली. प्रतिस्पर्धी खरा मुसलमान नाही, असा त्यांचा प्रचार होता. निकाल योग्यच होता.

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली. १९९० साली दादरमधून मनोहर जोशी निवडून आले. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य येईल, असे त्यांनी शिवाजी पार्कवर म्हटले होते. तीही निवडणूक उच्च न्यायालयात रद्द झाली. १९९१ साली आपल्या ठाणे लोकसभा मतदारसंघातून भाजपचे राम कापसे निवडून आले. कापसे कल्याणचे, प्राध्यापक, तीन वेळा आमदार राहिलेले. त्यांचीही निवडणूक उच्च न्यायालयाने धर्माच्या प्रचाराच्या मुद्द्यावर रद्द केली.

या तिन्ही प्रकरणांवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ या एकाच दिवशी निकाल दिला. प्रभूंची निवडणूक रद्दच राहिली, आणि पुढे १९९९ साली ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढला गेला. जोशी सुटले. पहिले हिंदू राज्य येईल हे विधान निंद्य असले तरी ती फार तर आशा आहे, धर्माच्या आधारावर मत मागणे नाही, असे कोर्टाने म्हटले. निकाल लागला तेव्हा जोशी मुख्यमंत्री होते. कापसेही सुटले, ठाण्याची खासदारकी कायम राहिली. हिंदुत्व हा शब्द संदर्भाप्रमाणे जीवनपद्धतीही असू शकतो, असे याच निकालांत आले. सभांमध्ये त्यातला संदर्भ गळून पडला आणि "कोर्टानेच सांगितले, हिंदुत्व ही जीवनपद्धती" एवढेच उरले.

२ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की "त्याचा धर्म" म्हणजे उमेदवाराचा आणि मतदाराचाही. हे प्रकरण १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीचे होते. एका शब्दाचा अर्थ लागायला २७ वर्षे गेली. आणि हिंदुत्वाची १९९५ ची व्याख्या पुन्हा तपासायला त्या पीठाने आधीच नकार दिला होता.

याचा परिणाम काय, ते नीट समजून घ्या. "हिंदुत्वासाठी मत द्या" म्हणणाऱ्याकडे १९९५ चा निकाल आहे. "बौद्धांनो, तुमच्यावर अन्याय झाला, मला निवडून द्या" म्हणणाऱ्यावर २०१७ चा निकाल लागू शकतो. त्या तीन अल्पमतातल्या न्यायाधीशांनी, ज्यांचे मत न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिले, हाच धोका ओळखला होता. जात आणि धर्मामुळे ज्यांनी शतकानुशतके सोसले, त्यांना निवडणुकीत त्या सोसण्याबद्दल बोलूच न देणे म्हणजे लोकशाहीला अर्थहीन करणे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. मला ते पटते.

शिवाय कायद्याचा हात लांबचा नाही. उमेदवार रीतसर उमेदवार झाल्यानंतरचाच प्रचार त्यात येतो, आणि भाषण दुसऱ्याने केले असेल तर उमेदवाराची संमती सिद्ध करावी लागते. दहीहंडी, नवरात्र, स्वागतयात्रा, चित्रपट, हरिनाम सप्ताह, हे सगळे वर्षभर चालते. अर्ज भरायच्या आत मतदाराचा भक्त झालेला असतो. तेव्हा कोर्ट ही रेघ ओढेल म्हणून वाट बघत बसू नका. ती मतदारालाच ओढावी लागेल.

आता निळ्या झेंड्याचे

मित्रांनो, इथपर्यंत वाचताना तुम्ही माना डोलावल्या असतील. आता थोडे कडू.

माझ्या ओळखीच्या एका वस्तीत विहार आहे. निवडणुकीच्या वर्षी तिथे नव्या लाद्या बसल्या. त्याच्या पुढच्या निवडणुकीला पत्र्याची शेड आली, मग साउंड सिस्टीम. प्रत्येक वेळी देणारा वेगळ्या पक्षाचा होता, आणि प्रत्येक वेळी त्याने बुद्धमूर्तीला हार घातला, त्रिशरण म्हटले, फोटो काढले. आपण टाळ्या वाजवल्या. वस्तीच्या पाण्याचे विचारले का? त्या कार्यक्रमात विचारणे बरे दिसले नसते, असे एका वडीलधाऱ्यांनी मला सांगितले. विहारात आलेल्या पाहुण्याला हिशेब कसा विचारायचा!

नेमके हेच तर तो विकत घेऊन गेला. लादीच्या भावात.

२०११ नंतर 'शिवशक्ती-भीमशक्ती'चे फलक लागले. दोन महापुरुष एका फलकावर आले, आणि कार्यकर्त्याने विचारायचे सोडून दिले की या युतीचा जमिनीवर, नोकरीवर, अट्रॉसिटीच्या प्रलंबित खटल्यांवर कार्यक्रम काय. महापुरुषांचे फोटो एकत्र आले म्हणजे कार्यक्रम एकत्र आला, असे आपण धरून चाललो. हीसुद्धा राजकारणातली भक्तीच. फक्त रंग आपला.

मग काय, प्रचारात "जय भीम" म्हणायचे नाही? म्हणायचे, खणखणीत म्हणायचे. जय भीम हा देवाचा धावा नाही, तो मान वर करून केलेला नमस्कार आहे. पण एक फरक कायम लक्षात ठेवायचा. धर्माचे नाव घेऊन हक्क मागणे वेगळे आणि धर्माच्या नावाने मत मागणे वेगळे.

उदाहरण देतो. धर्मांतरानंतर बौद्धांच्या केंद्राच्या सवलती गेल्या, कारण १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असणे आवश्यक होते, पुढे शीखही चालत होते. त्याविरुद्ध आपण तीन दशके झगडलो आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. त्या लढ्यात धर्माचे नाव प्रत्येक निवेदनात होते. पण मागणी काय होती? सवलतीची, शिक्षणाची, नोकरीची. तिचा हिशेब करता येत होता. मिळाली की नाही, तारखेनिशी सांगता येत होते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. हजारो नवबौद्ध तुरुंगात गेले, आणि त्यांच्यासोबत इतर जातींचे भूमिहीनही गेले, कारण मागणी पडीक जमिनीची होती. ती त्रिशरणाची असती तर ते आले असते का? आणि का यावे त्यांनी?

म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्या मंचावर उमेदवाराला हिशेब विचारता येत नाही, तो प्रचाराचा मंच म्हणून आपण स्वीकारायचा नाही. मग तो मंच गणपतीचा असो, दर्ग्याचा असो की आपल्या विहाराचा. विहारात उमेदवार आला तर त्याने खाली सगळ्यांबरोबर बसावे, वंदना करावी आणि जावे. माईक त्याच्या हातात जाणार नाही. देणगी निवडणुकीच्या वर्षी घ्यायची नाही. आणि संध्याकाळी विहाराबाहेर, रस्त्यावर, त्याच उमेदवाराची सभा लावून त्याला विचारायचे. बाबासाहेबांनी महासभा आणि पक्ष वेगळे ठेवले, त्याचा वस्तीच्या पातळीवरचा अर्थ एवढाच आहे.

काय विचारायचे, याची यादी शीळफाट्याच्या माणसाला मी द्यायला नको. १४ गावे कधी नवी मुंबईत, कधी बाहेर, त्यांच्या शाळेचे आणि दवाखान्याचे उत्तर कोण देणार? दिव्याचा कचरा भंडार्लीला आला, डायघरला आला, तो आमच्याच नाकाशी का? २७ गावांतला टँकर कोणाचा आहे? लकी कंपाउंडनंतर इथे नवीन बेकायदा इमारती किती उभ्या राहिल्या, आणि त्यात राहणाऱ्या गरिबाला पाडापाडीनंतर घर कोण देणार? या प्रश्नांना भगवा, हिरवा, निळा असा रंग नाही. ढिगाऱ्याखालून जी माणसे काढली, त्यांना बाहेर काढणाऱ्यांनीही रंग विचारला नव्हता. मुंब्र्याची पोरे हातांनी सिमेंट उपसत होती, डोंबिवली-कल्याणचे लोक रक्त द्यायला गेले होते.

पुढची निवडणूक येईल तेव्हा फाट्यावर पुन्हा झेंडे लागतील. तुम्हीही निळा लावा, उंच लावा. पण त्याच्या खाली उभे राहून हे चार प्रश्न मोठ्याने विचारणारी चार पोरे आधी तयार करा. पाच मिनिटे पुरतात. मी वेळ मोजून पाहिली आहे.

जय भीम! जय संविधान!